फियाट ठेवावी की अँबेसेडर?

वाचकांचे पत्र, थोडक्यात:

साताऱ्यातील पन्नाशीच्या एका वाचकांनी हे पत्र लिहिले आहे. ते यंत्र अभियांत्रिकीचे पदविकाधारक आहेत. त्यांच्या वडिलांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली 1984 ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘फियाट’, घरामागे ताडपत्रीखाली उभी आहे. 2016 मध्ये वडील गेले आणि तेव्हापासून ती सुरू झालेली नाही. दीड वर्षापूर्वी सासरेही गेले. त्यांची 1986 ची पेट्रोल अँबेसेडर इचलकरंजीला असून ती अखेरपर्यंत चालती होती. सासूबाईंना आता जागा मोकळी करायची आहे आणि गाडी जावयांनी न्यावी, अशी त्यांची इच्छा आहे. घरापुढच्या चौदा फुटी पोर्चमध्ये एकच गाडी राहू शकते, आणि बाजूला काढलेले पैसेही एकाच गाडीच्या दुरुस्तीपुरते आहेत. वाचकांनी दोन्ही गाड्यांची माहिती जमवून 31 ओळींचा तुलनात्मक तक्ता केला, ओळीओळीला महत्त्वाप्रमाणे गुण दिले आणि बेरजेत अँबेसेडर जिंकली. मन मात्र पद्मिनीकडे ओढते आहे. पत्नीने अद्याप काहीच मत दिलेले नाही. पण ‘तक्ता तिच्या वडिलांच्या गाडीच्या बाजूने असताना मी माझ्या वडिलांची गाडी ठेवली, तर ते तिला लागेल,’ असे त्यांना वाटते. ‘आकडे तपासावेत, एखादी ओळ राहिली असल्यास सांगावी आणि निकाल द्यावा,’ अशी त्यांची विनंती आहे.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचा तक्ता मी दोनदा वाचला. त्यामागची मेहनत दिसते, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा वर्ग बरीच वर्षे शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाला असा तक्ता पाहून आनंद होणे साहजिक आहे. तरीही पहिली गोष्ट स्पष्टच सांगतो. तुमच्या तक्त्यात ज्या दोन गाड्यांची तुलना झाली आहे, त्या दोन्ही गाड्या तुमच्याकडे नाहीत.

अँबेसेडरच्या रकान्यात तुम्ही 75 अश्वशक्ती, पाच गिअर, खाली जमिनीवरची गिअरदांडी आणि पुढे डिस्क ब्रेक असे लिहिले आहे. हे वर्णन इसुझूचे 1817 घनसेंटिमीटरचे इंजिन बसवलेल्या अँबेसेडरचे आहे, आणि ती गाडी नव्वदच्या दशकात आली. तुमच्या सासऱ्यांची 1986 ची पेट्रोल गाडी म्हणजे मार्क फोर. तिच्या बॉनेटखाली 1489 घनसेंटिमीटरचे जुने ब्रिटिश घराण्याचे इंजिन असणार, गिअर चार असणार, गिअरदांडी स्टिअरिंगच्या दांड्यावर असणार आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असणार. पद्मिनीच्या रकान्यातही तसेच झाले आहे. ॲव्हरेजचा जो आकडा तुम्ही घेतला आहे, तो नंतरच्या 1366 घनसेंटिमीटरच्या डिझेल गाडीचा दिसतो. तुमच्या वडिलांची गाडी 1089 घनसेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनाची आहे. जुन्या गाड्यांची माहिती शोधताना ही चूक अनेकांकडून होते, कारण ही दोन नावे काही दशके टिकली आणि नावाखालचा माल मात्र अधूनमधून बदलत गेला. अँबेसेडर 1957 च्या सुमारास उत्तरपाड्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली ती थेट 2014 पर्यंत. फियाट 1100 डी आपल्याकडे 1964 मध्ये आली, सत्तरच्या दशकात तिचे नाव आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाले, आणि कुर्ल्याच्या कारखान्यात ती शतक संपेपर्यंत बनत राहिली. लोकांनी मात्र तिला अखेरपर्यंत ‘फियाट’च म्हटले. मीही पुढे तेच म्हणणार आहे. (तिच्या आधीच्या गोलसर पिढीला आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणत, तुमच्या एका ओळीतील ‘पुढचे दरवाजे उलटे उघडतात’ ही नोंद त्या गाडीची आहे, ती काढून टाका.)

आता तुमच्या दारातल्या दोन गाड्यांचे आकडे मांडू.

फियाटच्या सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 75 मिलिमीटर आहे. अँबेसेडरचा व्यास जेमतेम 73 मिलिमीटर, पण धाव जवळजवळ 89 मिलिमीटर. दोन्ही इंजिनांच्या स्वभावातला फरक बराचसा या दोन मापांतच आहे. मिनिटाला 4,000 फेऱ्या या गतीला फियाटचा पिस्टन सेकंदाला सरासरी 10 मीटर धावतो, तर अँबेसेडरचा जवळजवळ 12 मीटर. म्हणून अँबेसेडरला रेस करून पळवले की ती त्रासल्यासारखी वाटते, आणि तीच गाडी कमी फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये, पाच माणसे आणि सामान घेऊन निमूटपणे ओढत राहते. फियाट याच्या उलट. तिला थोडे फिरते ठेवावे लागते, गिअर वेळेवर बदलावा लागतो, आणि तसे केले की ती हलकी पळते. यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचे असेल, तर अँबेसेडरमध्ये तुम्ही तिसऱ्यावर बराच वेळ निभावून न्याल. फियाटमध्ये दुसरा गिअर लवकर आठवेल.

अश्वशक्तीची ओळ तुम्ही सर्वांत जास्त गुणांची ठेवली आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. त्या काळच्या माहितीपत्रकांत अश्वशक्ती दोन पद्धतींनी छापली जात असे. एका पद्धतीत इंजिन बाकावर उघडे बसवून, पंखा, डायनॅमो, सायलेन्सर वगैरे न जोडता मोजत. दुसऱ्या पद्धतीत गाडीत असते तसे सगळे जोडून मोजत. पहिल्या पद्धतीचा आकडा नेहमीच फुगलेला येतो. त्यामुळे एका गाडीचा आकडा या पद्धतीचा आणि दुसरीचा त्या पद्धतीचा घेतला, तर ती तुलना म्हणजे एकाचे वजन चपलांसकट आणि दुसऱ्याचे अनवाणी घेण्यासारखे आहे. सर्व जोडून मोजलेल्या पद्धतीच्या जवळपास जाणारे आकडे घेतले, तर फियाटचे इंजिन सुमारे 40 अश्वशक्तीचे आणि अँबेसेडरचे सुमारे 50 अश्वशक्तीचे धरावे लागते. आता वजन पाहा. फियाट रिकामी सुमारे 895 किलोची, तर अँबेसेडर 1,100 किलोच्या पुढे. भागाकार केलात, तर दोन्हींना दर टनामागे साधारण 45 अश्वशक्ती मिळते. कागदावर ज्या ओळीने अँबेसेडरला सर्वांत मोठी आघाडी दिली, ती ओळ प्रत्यक्षात बरोबरीत सुटते. कमाल वेगाचेही तेच आहे. दोन्ही गाड्या नव्या असताना ताशी 120 किलोमीटरच्या आसपास जात असतील, पण आज ड्रम ब्रेकच्या चाळीस वर्षांच्या गाडीला महामार्गावर 70 च्या वर नेण्याचे कारण नाही. म्हणून ती ओळ कोणाच्याच बाजूने मोजू नका.

ॲव्हरेजच्या ओळीला तुम्ही पाच गुण दिले आहेत. समजा, अँबेसेडर लिटरला 10 आणि फियाट 13 किलोमीटर देते. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की, वर्षाला 1,500 किलोमीटरपेक्षा जास्त वापर होणार नाही. म्हणजे फरक वर्षाला 35 लिटरांचा. आजच्या भावाने ही रक्कम चार हजारांच्या आत राहते. यावर निर्णय घेऊ नये.

एका ओळीत मात्र माहितीच चुकीची आहे आणि ती दुरुस्त करणे महत्त्वाचे आहे, कारण त्यावर पुढचा खर्च अवलंबून आहे. ‘अँबेसेडरला स्वतंत्र चासी आहे, म्हणून पत्रा सडला तरी सांगाडा टिकतो,’ असे तुम्ही लिहिले आहे. हा समज फार पसरलेला आहे. गाडीचा जाडजूड पत्रा आणि तिचे सरकारी रुबाबातले दिवस यांमुळे तो झाला असावा. अँबेसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली गाडी आहे आणि तिचा सांगाडा व बॉडी एकच आहे. फियाटही तशीच. दोन्ही गाड्यांत फ्लोअर, दरवाज्यांखालचे उंबरे आणि मागचे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे अडकवलेले असतात त्या जागा सडल्या, तर गाडीचा आधारच सडलेला असतो. तिथे वरवर पत्रा लावून रंग मारणारे कारागीर पुष्कळ भेटतील. अशा कामाला दुरुस्ती म्हणू नये.

बाकीच्या यांत्रिक ओळी थोडक्यात. दोन्ही गाड्यांना मागे पाटे आहेत. पुढे फियाटला कॉइल स्प्रिंग आणि अँबेसेडरला टॉर्शन बार (पिळली जाऊन स्प्रिंगचे काम करणारी सळई) आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर मागच्या सीटवर बसणाऱ्याला अँबेसेडर सुखाची, यात वाद नाही. अँबेसेडरचे रॅक-पिनियनचे स्टिअरिंग चालताना नेमके असते आणि मला स्वतःला ते आवडते, पण गाडी उभी असताना वळवायला ते जड जाते. दोन्हींच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, म्हणजे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, ही सवय दोन्हींकडे करावी लागेल. घाट उतरताना दोन्हींचे ब्रेक तापतात. पसरणीच्या उतारावर ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुना ड्रायव्हर लोकांचा नियम दोन्हींना सारखाच लागू आहे.

इतके दुरुस्त केल्यावर तुमचा तक्ता माझ्या हिशोबाने जवळजवळ बरोबरीत येतो. आणि ते अनपेक्षित नाही. ज्या काळात गाडी किती बनवायची हे परवान्यावर आणि किती किमतीला विकायची हे सरकारी नियंत्रणावर ठरत होते, त्या काळात या दोन कारखान्यांनी गिऱ्हाइकाला एकमेकांहून फार वेगळे काही दिलेच नाही. लहान कुटुंब, गावातला डॉक्टर, मुंबईचा टॅक्सीवाला यांनी फियाट घ्यावी आणि सरकारी खाते, मोठे कुटुंब, लांबचा प्रवास यांनी अँबेसेडर घ्यावी, अशी वाटणी आपोआप झाली होती.

आता तुमच्या प्रश्नामागच्या गृहीताकडे येतो. कामगिरीचे आकडे सांगतात ते कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेल्या नव्या गाडीबद्दल. तुमच्यापुढच्या दोन गाड्या चाळीस वर्षे दोन वेगळ्या माणसांनी, वेगळ्या मेकॅनिककडून, वेगळ्या हवेत वापरलेल्या आहेत. एक दीड-दोन वर्षांपूर्वीपर्यंत चालत होती, दुसरी दहा वर्षांच्या आसपास हललेलीच नाही. आज त्यांच्यात खरा फरक आहे तो स्थितीचा, आणि 31 ओळींत स्थितीबद्दल एकही ओळ नाही.

उभ्या राहिलेल्या गाडीचे काय होते, ते तुम्हाला ठाऊक असेल, पण इतर वाचकांसाठी लिहितो. पेट्रोलच्या टाकीला आतून गंज चढतो. ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम होतात. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला धरून बसतात. म्हणून उत्साहाच्या भरात नवी बॅटरी लावून सेल्फ मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस राहू द्या आणि मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून हळूच मागेपुढे ढकलून इंजिन फिरते का पाहा. फिरले, तर जुने ऑइल काढून नवे भरा, टाकी उतरवून धुऊन घ्या, पेट्रोलचे पाइप बदला, आणि नंतरच सेल्फला हात लावा. फियाटचा हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, ॲल्युमिनियमचा आहे. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधे पाणी तसेच राहिले असेल, तर पाण्याच्या वाटा खाल्ल्या गेल्या आहेत का, हे हेड उतरवल्याशिवाय कळणार नाही. अँबेसेडरचा हेड बिडाचा आहे, तो सहजी वाकत नाही. त्याची अडचण निराळी. हे इंजिन शिसे घातलेल्या पेट्रोलच्या काळात घडलेले आहे. 2000 साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, त्यानंतर अशा हेडमधल्या व्हॉल्व्हच्या बैठका हळूहळू झिजून खाली बसतात आणि टॅपेटमधील (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतील) अंतर कमी होत जाते. सासऱ्यांच्या मेकॅनिकला विचारा की, टॅपेट वारंवार सेट करावे लागत होते का. ‘हो’ म्हणाला, तर हेडचे काम धरून चाला.

पेट्रोलचा विषय निघाला म्हणून आणखी एक. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषून घेते, जुने रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची वॉशरे त्याने मऊ पडतात, आणि हवेच्या मानाने इंधन कमी पडून मिश्रण पातळ झाल्याने इंजिन तापण्याकडे झुकते. दोन्ही गाड्यांना हे सारखेच लागू आहे. इथेनॉलला टिकणारे पाइप घाला, कार्बोरेटरची जेट तपासून घ्या, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर टाकीत अर्धवट पेट्रोल ठेवू नका. मे महिन्यात खंबाटकीच्या चढावर फियाट बंद पडायची आणि मालक इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओले फडके टाकून बसलेले दिसायचे, ते दृश्य तुमच्या पिढीने पाहिले असेल. पेट्रोलची वाफ होऊन वाट अडण्याचा तो त्रास इथेनॉलमुळे कमी होणारा नाही.

सुट्या भागांची ओळ तुम्ही ‘दोन्ही कठीण’ म्हणून सोडून दिली आहे. त्यात थोडा भेद आहे. मुंबईतील काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे फियाटचे भाग फार वर्षे सहज मिळत राहिले. तारदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ती 29 ऑक्टोबर 2003 रोजी, आणि टॅक्सीला वीस वर्षांचीच मुदत असल्याने ऑक्टोबर 2023 मध्ये ती फळी रस्त्यावरून गेली. मोठे गिऱ्हाईक गेले की नवा माल बनवणारे हात आखडतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत शोधल्यास अजून बरेच सापडते, पण ते लवकर घेऊन ठेवावे. अँबेसेडरच्या भागांसाठी कोलकात्याकडे पाहावे लागते. इंजिनाच्या कामाची मात्र दोन्हींना चिंता नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचे काम करणारे जुने हात आहेत, आणि नसलेला भाग घडवून देण्याची त्यांची ख्याती तुम्हाला मी सांगायला नको. रबर, काच, बिजाग्र्या, ग्रिल यांसारखे भाग अडतात. म्हणून ज्या गाडीचे हे बारीकसारीक भाग जागेवर आणि शाबूत आहेत, तिला झुकते माप द्या. इंजिन पुन्हा बांधता येते, हरवलेली क्रोमची पट्टी बांधता येत नाही.

यापुढे कागदपत्रे. तुमच्या तक्त्यातील शेवटची ओळ ‘व्हिंटेज म्हणून भावी किंमत’ अशी आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला गाडी 50 वर्षांची व्हावी लागते. म्हणजे फियाटला 2034 आणि अँबेसेडरला 2036. शिवाय त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. तुम्हाला नातवंडांना घेऊन कासला जायचे आहे. तेव्हा ती ओळ तुमच्या कामाची नाही. तुम्हाला साधी पुनर्नोंदणी हवी. खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची, त्यानंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण. त्या हिशोबाने फियाटची मुदत 2019 मध्येच संपलेली असणार आणि उशिराबद्दल दरमहाचे शुल्क चढत असणार. पुनर्नोंदणीचे शुल्कही केंद्राने अलीकडे बरेच वाढवले आहे, त्यावर राज्याचा पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट आलीच. दोन्ही गाड्या दिवंगत व्यक्तींच्या नावावर असल्याने वारसाच्या नावे हस्तांतरासाठी नमुना 31 भरावा लागेल आणि इतर वारसांची संमती लागेल. तुमच्याकडे तुमची बहीण, तिकडे सासूबाई आणि मेहुणी. गाडी गॅरेजमध्ये नेण्यापूर्वी आरसी बुक हातात घ्या आणि आरटीओत जाऊन नेमकी थकबाकी विचारा. इंजिनावर खर्च केल्यानंतर कागद अडल्याची उदाहरणे मी अनेक पाहिली आहेत.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही शेवटच्या परिच्छेदात दोनच वाक्ये लिहिली आहेत, तिच्याकडे वळतो. तुम्ही लिहिता, पत्नीने काहीच मत दिलेले नाही. पुढच्याच वाक्यात तिला काय लागेल, हे तुम्ही ठरवून टाकले आहे. तुम्ही तिला तक्ता दाखवला, पण प्रश्न विचारलेला दिसत नाही. वडिलांची गाडी आपल्या दारात असावी असे तिला वाटत असेल. किंवा दीड वर्षापूर्वी गेलेल्या वडिलांची रिकामी गाडी रोज डोळ्यांपुढे नको, असेही वाटत असेल. किंवा तिचा जीव गाडीपेक्षा आईच्या शब्दात गुंतला असेल. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत तिन्ही प्रकारची माणसे भेटली आहेत आणि बाहेरून त्यांची शांतता सारखीच दिसते. तक्ता पुढे ठेवला की समोरच्याला आकड्यांवरच बोलावे लागते, आणि ज्याला आकड्यांवर बोलायचे नसते तो गप्प बसतो.

तुमच्या बाजूनेही एक प्रश्न आहे. तुम्हाला फियाट हवी आहे, हे तुम्ही पत्राच्या दुसऱ्याच ओळीत कबूल केले आहे. मग तक्ता कशासाठी केला? मला वाटते, निकाल फियाटच्या बाजूने लागला असता, तर तुम्हाला तो पत्नीपुढे आणि सासूबाईंपुढे ठेवता आला असता. निर्णय तुमचा न राहता अश्वशक्तीचा झाला असता. तो उलट लागला म्हणून तुम्ही मला लिहिलेत. यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. वडिलांची गाडी ठेवावीशी वाटणे हे कारण पुरेसे आहे, फक्त ते कारण म्हणून सांगता आले पाहिजे.

तुम्ही निकाल मागितला आहे, तो मी देत नाही. क्रम मात्र सांगतो. आधी इचलकरंजीला जा, अँबेसेडर लिफ्टवर चढवून खालचा पत्रा टोच्याने ठोकून पाहा, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजा. इंजिन मोकळे झाले की फियाटचेही तसेच करा. मोजताना सर्व प्लग काढलेले आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांत 10 ते 15 टक्क्यांहून अधिक फरक नसेल, तर इंजिनात अजून दम आहे असे समजा. दोन्हींची तपासणी होईपर्यंत कोणालाही काही कबूल करू नका. माझा अंदाज विचाराल, तर नुकतीपर्यंत चालती असलेली अँबेसेडर कमी खर्चात रस्त्यावर येईल आणि फियाटला बराच अधिक खर्च लागेल. पण ताडपत्रीखाली कोरड्या जागी राहिलेला पत्रा आणि कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यातल्या ओलीत राहिलेला पत्रा यांची गोष्ट उलटीही असू शकते, आणि इंजिनापेक्षा पत्र्याचे काम बहुतेकदा महाग पडते. तपासणीच्या दिवशी पत्नीला सोबत न्या. दोन्ही गाड्यांत तिला चालकाच्या जागेवर बसू द्या. ती गाडी चालवत असेल, तर अँबेसेडरचे जड स्टिअरिंग तिला उभ्या गाडीत वळवून पाहू द्या.

जी गाडी राहणार नाही, तिचे काय, हेही त्याच वेळी ठरवा. भंगारात किंवा सुट्या भागांसाठी देण्याची घाई नको. चालवण्यासाठी घेणारा माणूस महाराष्ट्रात दोन्ही गाड्यांना मिळतो. मात्र विकताना नमुना 29 आणि 30 भरून नाव बदलल्याची खात्री करा. नुसत्या पावतीवर गाडी देऊ नका, कारण उद्या अपघात झाला तर आरटीओच्या दप्तरी असलेल्या मालकाकडेच विचारणा होते. इचलकरंजीची गाडी जाणार असेल, तर कोणाला द्यायची हे सासूबाईंना ठरवू द्या.

शेवटी, एखादी ओळ राहिली आहे का, असे तुम्ही विचारले होते. स्थितीच्या ओळीखेरीज आणखी एक राहिली आहे. लांबीची ओळ तक्त्यात आहे, पण ती पोर्चशी ताडलेली नाही. चौदा फूट म्हणजे 427 सेंटिमीटर. फियाट 393 सेंटिमीटर लांब आहे; ती आत जाऊन पुढे-मागे मिळून फूटभर जागा उरते. अँबेसेडरची लांबी सुमारे 432 सेंटिमीटर आहे. म्हणजे गेट लागणार नाही. हे वाचून सुटल्यासारखे वाटले असेल, तर तेही पत्नीला सांगा. आणि अँबेसेडरच ठेवायची ठरली, तर गेट वीतभर पुढे घेण्याचा गवंड्याचा खर्च दुरुस्तीच्या अंदाजात धरा. माप घेताना टेपचे एक टोक तिच्या हातात द्या आणि भिंतीपासून गेटच्या आतल्या कडीपर्यंत मोजा, कारण पत्रातले चौदा फूट तुम्ही बहुधा नकाशावरून लिहिले आहेत.